टक्के कशाचे आणि कशात?

आयुर्वेदीय औषधांविषयीचा वाद पूर्वी पाठ, अनुपान आणि निर्माणविधी यांवर होत असे. आता तो बहुतांशी प्रयोगशाळेच्या अहवालातील आकड्यांवर होतो. अरिष्टात अल्कोहोल किती, चूर्णात शिसे किती, सिरपमध्ये साखर किती, हे प्रश्न निरीक्षक विचारतात, निर्यातीचा ग्राहक विचारतो आणि अलीकडे रुग्णही विचारू लागला आहे. या बदलाविषयी खेद करण्याचे कारण नाही. खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या आकड्यावर औषधाचा घाणा उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरते, तो आकडा कोणत्या मापाने लिहिला आहे, हे पाहण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना अद्याप लागलेली नाही. ‘८.५ टक्के’ हे विधान अपूर्ण आहे. कशाचे टक्के आणि कशात, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. द्रावणाच्या संहतीची, म्हणजे तीव्रतेची, मापे एकमेकांत रूपांतरित करणे हे केवळ रसायनशास्त्राच्या पदवीधराचे काम नसून वैद्याचे व फार्मसीचालकाचे नित्यकर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच येथे सविस्तर मांडत आहे.

हा विषय पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे असे कोणी समजू नये. मानपरिभाषा हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. मानावाचून द्रव्यांची योजना होऊ शकत नाही, असे शार्ङ्गधराने परिभाषेच्या प्रारंभीच बजावले आहे. मागध आणि कालिंग अशी दोन माने प्रचारात होती आणि त्यांतील मागध मान श्रेष्ठ, असा निर्णयही ग्रंथकारांनी दिला. एकच शब्द दोन मानांत दोन वेगळी वजने दाखवू शकतो, याचे भान त्यांना होते. द्रवद्वैगुण्याचा नियम तर त्याहून सूक्ष्म आहे. गुंजेपासून कुडवापर्यंत शुष्क, आर्द्र व द्रव द्रव्यांचे मान समान. प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण. मात्र तुलेला हा नियम लागू नाही. वजनाने मोजलेले आणि पात्राने मोजलेले हे एक नव्हे, याची इतकी स्पष्ट जाणीव ज्या परंपरेत आहे, त्या परंपरेच्या अनुयायांनी वजनाचे टक्के आणि आकारमानाचे टक्के यांत गल्लत करावी, हे शोभत नाही.

प्रथम आपल्या नित्य परिचयाचे उदाहरण घेऊ. ज्या अरिष्टात प्रमाण सांगितलेले नाही, तेथे एक द्रोण द्रवात एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप घालावा, असा शार्ङ्गधराचा सामान्य नियम आहे. पल ४८ ग्रॅम धरल्यास तुला ४.८ किलो आणि द्रोण १२.२८८ किलो होतो. सोयीसाठी मध बाजूस ठेवून केवळ गुळाचा विचार करू आणि क्वाथाची घनता पाण्याइतकीच मानू. द्रवद्वैगुण्य न धरता १२.२८८ लिटर क्वाथात ४.८ किलो गूळ घातला, तर गुळाची संहती किती? एकजण ४.८ भागिले १२.२८८ करून ३९ टक्के म्हणेल. दुसरा म्हणेल, गूळ विरघळल्यावर द्रावणाचे आकारमान वाढते. एक किलो गूळ सुमारे ०.६ लिटर जागा व्यापतो, सबब द्रावण १५ लिटरांच्या वर जाते आणि संहती सुमारे ३१ टक्के भरते. तिसरा वजनात वजन असा हिशेब करील. एकूण वजन १७.०८८ किलो, म्हणून संहती २८ टक्के. तिघांपुढे घोळ एकच आहे आणि तिघांचा गुणाकार-भागाकारही बिनचूक आहे. पहिल्याने घातलेल्या द्रवाशी, दुसऱ्याने तयार द्रावणाच्या आकारमानाशी आणि तिसऱ्याने एकूण वजनाशी तुलना केली, इतकाच भेद आहे. हल्ली अनेक फार्मसींमध्ये ब्रिक्स मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर आला आहे. त्याचा अंश वजनात वजन या हिशेबाचा असतो. यास्तव ब्रिक्सच्या वाचनाची तुलना ‘प्रति लिटर इतके ग्रॅम’ अशा टिपणाशी थेट करता येत नाही.

आता हाच पाठ द्रवद्वैगुण्य धरून करा. द्रव २४.५७६ लिटर होतो, गूळ मात्र तुलेच्या मानाने मोजलेला असल्यामुळे ४.८ किलोच राहतो. वरील तीन आकडे अनुक्रमे सुमारे १९.५, १७.४ आणि १६.३ असे उतरतात. संधानाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. अतिगोड घोळात किण्वाची वाढ खुंटते, संधान अर्धवट राहते आणि तळाशी न परिणमलेली साखर उरते. बेताच्या गोडीत ते पूर्णत्वास जाते. अमुक अरिष्ट ‘लागत नाही’ अशी तक्रार करून धायटीच्या फुलांना दोष देणाऱ्या फार्मसीचालकांनी आपल्या नोंदवहीत द्रोणाचे लिटर कोणत्या नियमाने केले आहेत, हे एकदा अवश्य पडताळावे. मधाचेही तसेच आहे. मधाची घनता सुमारे १.४ असते. २.४ किलो मध म्हणजे सुमारे १.७ लिटर. तो लिटरच्या मापाने २.४ भरून ओतला, तर प्रत्यक्षात ३.४ किलोच्या आसपास पडतो, म्हणजे पाठाच्या दीडपटीकडे झुकतो.

संधान पूर्ण झाल्यावर अल्कोहोलचा प्रश्न येतो आणि तेथे मापाची गल्लत अधिक महाग पडते. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या दुसऱ्या भागातील अनेक आसवारिष्टांसाठी अल्कोहोलची मर्यादा ५ ते १० टक्के अशी दिलेली आहे आणि ती आकारमानात आकारमान या हिशेबाची आहे. अहवालात तेच ‘व्ही/व्ही’ असे छापलेले असते. शुद्ध अल्कोहोलची घनता २० अंश सेल्सिअसला ०.७८९ आहे. म्हणजे १०० मिलिलिटर अल्कोहोलचे वजन ७८.९ ग्रॅमच भरते. अर्थात १० टक्के व्ही/व्ही म्हणजे ७.८९ टक्के डब्ल्यू/व्ही. सूत्र सोपे आहे. आकारमानाच्या टक्क्यांस ०.७८९ ने गुणले की १०० मिलिलिटर द्रावणातील ग्रॅम मिळतात आणि त्या ग्रॅमना ०.७८९ ने भागले की आकारमानाचे टक्के मिळतात.

माझ्या परिचयाच्या एका फार्मसीचालकांनी एकाच घाण्याचे नमुने दोन प्रयोगशाळांकडे पाठविले होते. एकीकडून ८.५ आणि दुसरीकडून १०.८ असे उत्तर आले. पहिला अहवाल मर्यादेत बसत होता, दुसरा बसत नव्हता. ‘दुसरी प्रयोगशाळा बेभरवशाची आहे,’ असे ठरवून त्यांनी पहिला अहवाल फाइलला लावला. वस्तुतः दोन्ही प्रयोगशाळांचे उत्तर एकच होते. पहिलीने डब्ल्यू/व्ही या मापात लिहिले होते, दुसरीने व्ही/व्ही मध्ये. ८.५ भागिले ०.७८९ म्हणजे १०.८. घाणा मर्यादेबाहेर होता, ही गोष्ट दोघींनीही सांगितली होती. ती वाचता आली नाही, एवढेच. उलट प्रकारही घडू शकतो. ४.५ टक्के डब्ल्यू/व्ही हा आकडा पाचाच्या खाली दिसतो म्हणून चांगला घाणा नापास ठरविला जाईल. पण व्ही/व्ही मध्ये तो ५.७ होतो आणि मर्यादेत निर्विवाद बसतो. एकीकडे रुग्णाची हानी, दुसरीकडे निर्मात्याची, आणि दोहोंचे मूळ एका भागाकारात.

वैद्यास हा हिशेब यावयास हवा, याचे कारण रुग्ण त्याच्या समोर बसलेला असतो. १० टक्के व्ही/व्ही अल्कोहोल असलेले अरिष्ट २० मिलिलिटर दोन वेळा दिले, तर दिवसाला ४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. पाच मिलिलिटर दोन वेळा घेणाऱ्या बालकाच्या पोटात सुमारे ०.८ ग्रॅम जाते. बहुसंख्य प्रौढांच्या बाबतीत याची चिंता करण्याचे कारण नाही. पण यकृतविकाराचा रुग्ण, मद्य सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणारा रुग्ण, गर्भिणी आणि लहान बालक यांच्या बाबतीत हा आकडा डोळ्यांसमोर असल्याखेरीज अरिष्ट द्यावे की क्वाथ द्यावा, याचा निर्णय जबाबदारीने होऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण क्षार व खनिज द्रव्यांच्या बाह्य योगांचे. गुळण्यांसाठी ‘एक टक्का तुरटीचे पाणी’ असे आपण सहज लिहितो. कोणती तुरटी? कच्च्या तुरटीच्या स्फटिकात पाण्याचे बारा रेणू बांधलेले असतात आणि तिचा रेणुभार सुमारे ४७४ आहे. तुरटी फुलवून पूर्ण निर्जल लाही केली, तर तो २५८ वर येतो. म्हणजे कच्च्या तुरटीच्या वजनाचा सुमारे ४६ टक्के भाग निव्वळ पाण्याचा असतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कच्ची तुरटी विरघळविली तर ०.०२१ मोल प्रति लिटर इतकी संहती होते, १० ग्रॅम लाही विरघळविली तर ०.०३९. दोन्ही बाटल्यांवर ‘एक टक्का’ हेच लिहिले जाईल, पण दुसरीतील द्रावण पहिलीच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असेल. टंकणाचेही असेच. त्याच्या स्फटिकात सुमारे ४७ टक्के पाणी असते. मोरचुदाचा निळा स्फटिक घेतल्यास त्यात ताम्र २५.५ टक्के, तर तापवून पांढरा पडलेल्या निर्जल मोरचुदात ३९.८ टक्के. तुत्थाचा उपयोग व्रणावर वा नेत्रावर करणाऱ्यास हा भेद दुर्लक्षिता येणार नाही. मोल ही कल्पना अभ्यासक्रमात परीक्षेपुरती येऊन जाते. तिचा खरा उपयोग येथे आहे. लाही किती घेतली असता कच्च्या तुरटीच्या १० ग्रॅमइतके कार्यद्रव्य मिळेल, याचे उत्तर ती देते. ते उत्तर ५.४ ग्रॅम असे आहे.

आता सर्वांत नाजूक विषय, जड धातूंचा. येथील परिमाण पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. चूर्ण-गुटीसारख्या घन द्रव्यात एक पीपीएम म्हणजे किलोत एक मिलिग्रॅम किंवा ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम. पीपीबी हे त्याच्या सहस्रांश आहे. शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या वनस्पतिज औषधांसाठीच्या मर्यादा आपणांस ठाऊक आहेत. १४ ऑक्टोबर २००५ च्या आदेशान्वये १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस ही तपासणी सक्तीची झाली, हेही सर्वज्ञात आहे. द्रव औषधांत मात्र येथे एक खाच आहे. प्रयोगशाळा पुष्कळदा ‘लिटरमध्ये मिलिग्रॅम’ असे उत्तर देते आणि वाचणारा त्यासच पीपीएम समजतो. पाण्याच्या बाबतीत ते चालते, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १.१० विशिष्ट गुरुत्व असलेल्या अरिष्टात १०.६ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे ९.६ मिलिग्रॅम प्रति किलो होतात. पहिला आकडा मर्यादेबाहेर दिसतो, दुसरा आत.

यंत्राचे वाचन आणि औषधातील प्रमाण यांतही अंतर असते. समजा अर्धा ग्रॅम चूर्ण आम्लात विरघळवून द्रावण ५० मिलिलिटर केले आणि यंत्राने लिटरमध्ये ४५ मायक्रोग्रॅम शिसे दाखविले. हे ४५ पीपीबी विरळ केलेल्या द्रावणातील आहेत. औषधातील प्रमाण शंभरपट, म्हणजे ४.५ पीपीएम आहे. अहवालात केवळ यंत्राचे वाचन छापले गेले, तर चूर्ण आहे त्याहून शंभरपट निर्दोष भासेल. म्हणून फार्मसीचालकांनी नमुन्याचे वजन, अंतिम आकारमान आणि यंत्राचे वाचन या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. त्या मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

या हिशेबाच्या अभावी आपण एका मोठ्या वादात कसे कमी पडलो, याचेही स्मरण करून देणे आवश्यक वाटते. डिसेंबर २००४ मध्ये रॉबर्ट सॅपर व सहकाऱ्यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये जड धातू आढळले होते. धातू आढळलेल्या औषधांत पारदाचा मध्यक ग्रॅममध्ये २०,२२५ मायक्रोग्रॅम आणि शिशाचा ४० मायक्रोग्रॅम होता. हे आकडे टक्क्यांत रूपांतरित करून पाहा. पारद सुमारे २ टक्के, शिसे ०.००४ टक्के. दोन टक्के पारद हा आकडा पाहताच, हा कज्जलीयुक्त रसकल्प असावा, असा तर्क कोणताही वैद्य करील. तेथे शोधन, मारण, मात्रा आणि लेबलवरील स्पष्ट उल्लेख यांची चर्चा योग्य ठरते. परंतु ०.००४ टक्के शिसे हे कोणी घटकद्रव्य म्हणून घालीत नाही. ते माती, पाणी, भांडी, यंत्रे वा भेसळ यांतून आलेले असण्याचाच संभव अधिक. त्याचे उत्तर नागभस्माच्या गुणवर्णनाने देता येत नाही, ते स्वच्छतेने आणि कच्च्या मालाच्या तपासणीनेच द्यावे लागते. आपल्याकडून मात्र दोन्ही आक्षेपांना बहुधा एकच उत्तर गेले, ‘आमची भस्मे सुरक्षित आहेत.’ आकड्यांची मापे जुळवून पाहिली असती, तर एक आक्षेप शास्त्रार्थाचा आहे आणि दुसरा आपल्याच निष्काळजीपणाचा, हे आपल्याला आधी कळले असते आणि जगालाही तसे सांगता आले असते.

मर्यादेत बसले म्हणजे सर्व संपले, असेही नाही. १० पीपीएम शिसे असलेल्या चूर्णाची ३ ग्रॅमची मात्रा दोन वेळा दिली, तर दिवसाला ६० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. हीच संहती २५० मिलिग्रॅमच्या दोन गुट्यांत असेल, तर केवळ ५ मायक्रोग्रॅम. संहती तीच, भार बारापट निराळा. अन्नातील शिशासाठी पूर्वी ठरविलेली सह्य साप्ताहिक मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने २०१० साली मागे घेतली, कारण ती आरोग्यरक्षणास पुरेशी मानता येईना. अशा स्थितीत महिनोन्महिने ग्रॅमच्या मात्रेत चूर्णे देणाऱ्या वैद्याने पीपीएमचे मायक्रोग्रॅम करून पाहणे अगत्याचे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, द्रव्याचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव आकड्यांत मावत नाहीत. हे मला मान्य आहे. पण शिशाचे मायक्रोग्रॅम आणि अल्कोहोलचे मिलिलिटर आकड्यांतच मावतात. जे मोजता येते ते नीट मोजल्याने जे मोजता येत नाही त्याचे महत्त्व उणावत नाही. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. लहान फार्मसीस रसायनज्ञ परवडत नाही आणि हे काम प्रयोगशाळेचे आहे. येथे माझा मतभेद आहे. मोजणे हे प्रयोगशाळेचे काम, मान्य. पण मोजलेले वाचणे हे ज्याच्या नावे औषध बाजारात जाते त्याचे आणि जो ते लिहून देतो त्याचे काम आहे. वर दिलेल्या एकाही हिशेबास गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागलेले नाही.

म्हणून माझ्या चार सूचना विचारार्थ मांडतो. पहिली, कोणताही टक्केवारीचा आकडा व्ही/व्ही, डब्ल्यू/व्ही वा डब्ल्यू/डब्ल्यू यांपैकी कोणता, हे लिहिल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये. द्रव औषधाच्या अहवालात विशिष्ट गुरुत्व व तापमानही असावे. दुसरी, घाण्याच्या नोंदवहीत द्रवाचे लिटर व किलो दोन्ही लिहावेत, द्रवद्वैगुण्य धरले की नाही याची नोंद करावी आणि तुरटी, टंकण, तुत्थ यांपुढे कच्चे की लाही हे नमूद करावे. तिसरी, मर्यादेशी तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापात आणून ते रूपांतर कागदावर मांडावे व त्याखाली जबाबदार व्यक्तीने स्वाक्षरी करावी. चौथी, संघटनेच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमात अर्धा दिवस केवळ या हिशेबांसाठी द्यावा आणि तेथे व्याख्यानाऐवजी सभासदांनी आपापले अहवाल आणून ते सोडवावेत.

भैषज्यकल्पनेतील आपला अधिकार जगाने मानावा, अशी आपली रास्त अपेक्षा आहे. तो अधिकार प्रथम मानाच्या शुद्धतेने सिद्ध होतो. ज्या पूर्वाचार्यांनी वंशी आणि मरीचीपासून द्रोणीपर्यंत मानाची उतरंड रचली, त्यांच्या अनुयायांना ‘टक्के कशाचे आणि कशात?’ एवढा प्रश्न विचारणे जड जाऊ नये. पुढचा अहवाल हाती येईल तेव्हा निष्कर्षाच्या रकान्याआधी मापाचा रकाना वाचावा, इतकीच वैद्यबंधू-भगिनींना आणि फार्मसीचालकांना विनंती आहे.